पीटीबाईंचं आभारप्रदर्शन

पीटीबाई चिडलेल्या दिसल्या नाहीत तर त्यांना ताप असेल, असं आम्ही मुली समजायचो. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि नाकाच्या शेंड्यावर राग, अशा थाटात त्या मारेगावच्या आमच्या शाळेच्या मैदानावर उतरायच्या. शिकवायच्या कबड्डी. एरवी त्या पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की बाभुळगावची घरची बोली तोंडात यायची, आणि राग तर सकाळच्या प्रार्थनेपासूनच आलेला असायचा. त्यांना लांबून येताना पाहिलं की मुख्याध्यापकसुद्धा टेबलावरचे कागद उगाच चाळायला लागत.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "कोन्या हिशोबानं?" मुलीने चुकीच्या वेळी झेप घेतली, कोन्या हिशोबानं? मधली सुट्टी लवकर संपवली, कोन्या हिशोबानं? एका क्रीडादिनाला पाहुण्यांना थंड सरबत आणि खेळणाऱ्या मुलींना टाकीतलं कोमट पाणी दिलं, तेव्हा हा प्रश्न त्यांनी पाहुण्यांच्या तोंडावर विचारला. उत्तर चुकीचं असलं तरी त्यांना चालायचं. उत्तरच नसलं की मात्र समोरच्याची खैर नसायची. "चुकलं तं चुकलं, पन कायले केलं थे तं सांग!"

खेळाडू पारखायची त्यांची रीत इतरांहून निराळी होती. चढाई करणाऱ्या मुलीकडे सगळं मैदान बघायचं, तेव्हा बाई बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या मुलींकडे बघत असत. एखादी वेणी सारखी करत बसली की तिचं काही खरं नसायचं. एखादी बाहेरून घसा फोडून आतल्या मुलीला सांगायची, "डावीकडे सरक, तिचा बोनसवर डोळा आहे," तिचं नाव संघात पक्कं. "भाईर बसूनबी जिचा खेळ चालू रायते, थे खेळाडू," असं त्या म्हणत. आणि आम्ही कोणाच्या उंचीबद्दल किंवा गोऱ्या रंगाबद्दल काही बोललो तर खेकसायच्या, "तोंड कायले पाह्यतं वं? तिचे पाय पाह्य."

हा राग कुठून आला ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही बुटाची नाडी बांधता बांधता. कॉलेजात असताना त्यांचं नाव संघातून ऐन वेळी कापलं होतं. बाई बौद्ध घरच्या. सामन्यांच्या गावी मुली एका मोठ्या घरी उतरणार होत्या, आणि त्या घरात यांना कसं न्यायचं हा निवडणाऱ्यांना प्रश्न पडला. सांगितलं मात्र असं की वजन कमी भरतं. "खरं कारन सांगतलं असतं तं भांडली असती मी," बाई म्हणाल्या. "खोट्यासंगं कसं भांडाव?" मग उठून त्यांनी आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. हिरवंगार बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. मोठ्या लोकांच्या गाड्या बांधापर्यंत यायच्या, फोटो काढायच्या आणि धूळ उडवत निघून जायच्या. त्यातल्याच एका हिवाळ्यात माझे बाबा गेले. स्वतःहून गेले. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही. आमच्या भागात राहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर जे झालं ते मात्र लिहिणार आहे, कारण त्याचा संताप अजून गेलेला नाही. तेरवीपर्यंत लोक आले, चहा पिऊन गेले. मग आमच्या घरावरून जाताना आवाज खाली करू लागले. नाव घेणं टाळू लागले. आईला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, हे अपेक्षितच होतं. आपल्याकडे ती निर्दयता शिष्टाचारात मोडते. पण माझ्या सख्ख्या मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला मलाही बोलावणं नव्हतं. आमच्या घरातलं कोणी शुभकामाच्या सुरुवातीला नको, असं एव्हाना सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, त्या सुमारास तालुक्यात मुलींच्या कबड्डीची लीग निघाली. टीव्हीवर बघून मंडळींच्या अंगात आलं होतं. कल्पना भाऊसाहेबांची. त्यांचं कृषी केंद्र होतं, म्हणजे बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, आणि आमच्या शाळेच्या संचालक मंडळातही ते होते. मुलींचा लिलाव करायचा म्हटल्यावर चार लोक ओरडले, म्हणून फेऱ्यांनी निवड ठरली. एकेका संघाचा एकेक मालक. कोणी मोबाईलच्या दुकानाचा, कोणी कापसाच्या जिनिंगचा, कोणी मंगल कार्यालयाचा. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने एक मुलगी उचलायची आणि मग पुढची फेरी. पीटीबाईंना या निवडीला बोलावलंच नाही. तालुक्यातल्या बहुतेक मुली त्यांनी घडवलेल्या, पण त्या आल्या तर प्रश्न विचारतील, एवढं ज्ञान भाऊसाहेबांना होतं.

मंगल कार्यालयात आम्हाला खुर्च्यांवर ओळीने बसवलं. नाव पुकारलं की मुलीने उठायचं आणि मालकाच्या मागे जाऊन उभं राहायचं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी डाव्या कोपऱ्याची खेळाडू. घोट्याची पकड माझ्याइतकी घट्ट तिथे फार कोणाची नव्हती, हे त्या मुलींनाही माहीत होतं. मालकांची नजर माझ्यापर्यंत यायची आणि घसरून पुढच्या खुर्चीवर जायची. शेवटी जिनिंगवाला शेजारच्याच्या कानाला लागला, पण त्याचा आवाज कुजबुजीचा नव्हता. "खेळते बेस, पन लीगचं पह्यलंच वर्स हाये. तिच्या घरचं मालूम हाये न तुले? सुरुवातीलेच कायले..." शेजारच्याने मान हलवली. ज्या मुलींना सूर मारायला भीती वाटायची त्यासुद्धा निवडल्या गेल्या. मी खुर्ची तशीच सोडून घरी आले आणि आईला सांगितलं की आता खेळणं बंद.

बाईंना दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. मी मैदानावर गेले नव्हते, पण मैत्रिणींनी सांगितलं की त्या दिवशी बाई ओरडल्या नाहीत. आम्ही सगळ्या त्यालाच घाबरलो. सराव संपेपर्यंत त्यांनी कोणाला हिशोब विचारला नाही, की कोणाच्या पायांकडे पाहिलं नाही.

उद्घाटनाला मांडव भरला होता. भाषणं झाली, भाऊसाहेबांच्या हातून नारळ फुटला, मालकांना फेटे बांधले. बाईंना कार्यक्रमात कुठेतरी बसवणं भाग होतं, म्हणून त्यांना आभार मानायला ठेवलं होतं. आभार ऐकायला कोण थांबतं? निम्मे लोक उठून चपला शोधत होते. मी आणि आई मांडवाच्या मागच्या बांबूपाशी उभ्या होतो. मैत्रिणींना बघायला म्हणून मीच आईला ओढून आणलं होतं.

पीटीबाईंनी माईक हातात घेतला. "मोबाईलवाल्या दादांचे आभार," त्या म्हणाल्या. "त्यायनं साऱ्या चढाईच्या पोरी घेतल्या. पकड कोन करनार हाये? दादा सोता उतरनार हाये का चड्डी घालून?" चपला शोधणारे लोक थांबले. "मंगल कार्यालयवाल्यायचे आभार. साऱ्या उंच पोरी घेतल्या, जशा काई वरातीच्या फोटोले उभ्या करा लागते. त्यातल्या एकीले वाकता येत नाई, मीच शिकवून थकली. जिनिंगवाल्यायचे लय आभार. पह्यल्या फेरीत भाची घेतली. भाची चांगली हाये, अभ्यासात." लोक हसायला लागले होते. भाऊसाहेबही हसत होते, फेटा सावरत.

मग बाईंनी माझं नाव घेतलं. माझं, माझ्या बाबांचं आणि आडनाव. पूर्ण. भोंग्यातून ते नाव चौकापर्यंत गेलं असेल.

"ही पोरगी कोनंच घेतली नाई. डावा कोपरा. कोन्या हिशोबानं सोडली, सांगा! तिचे वडील गेले. तुम्ही सारे त्यायच्या घरी जाऊन आले, चहा पेऊन आले. मंग तिच्या हाताची पकड त्या दिवशी सुटली का? घर अपशकुनी झालं म्हनतां. भाऊसाहेब, बियानं तुमच्या दुकानातलं होतं. तुमचं दुकान नाई झालं अपशकुनी? थे दुकान चालवनाऱ्या हातानं तं आत्ताच नारळ फोडला तुम्ही!"

आईने माझं मनगट इतकं करकचून धरलं होतं की बांगडी रुतली. आणि बाई थांबायला तयार नव्हत्या. "मी म्हनत नाई का थे पह्यल्या फेरीची खेळाडू हाये. नाई. घाई करते, साखळीची वाट न पाहता एकटीच झेपावते. थे तिसऱ्या फेरीची हाये. तिसऱ्या फेरीत गेली पायजे होती. जय भीम." आणि त्या खाली उतरल्या. आभार संपले.

आईने मला तशीच ओढत घरी आणलं. दार लावलं आणि रडली. "गेलेल्या मानसाले माईकवर काढलं त्या बाईनं. काय सोभा झाली आपली?" मीही बाईंवर चिडले होते, पण माझं कारण वेगळं आणि आता सांगायला हसू येतं असं होतं. एवढ्या लोकांसमोर बोलायचंच होतं तर पहिल्या फेरीची म्हणायला काय जात होतं? बाजू घ्यायची आणि वर चुकाही काढायच्या! खूप दिवस मला ते लागलं. कीव करणारा माणूस कधी तिसरी फेरी म्हणत नाही, हे कळायला मला स्वतःला खेळाडू निवडायला बसावं लागलं.

मोबाईलवाल्याचा संघ पहिल्याच सामन्यात सडकून हरला. पकडायला कोणी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात. आईने त्याला बसा म्हटलं नाही. तो उभ्यानेच म्हणाला, "वहिनी, बाई बोलल्या म्हनून नाई आलो. मले कोपरा पायजे." आईने माझ्याकडे पाहिलं, मी आत जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आले. आम्ही स्पर्धा जिंकलो नाही. उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला मी साखळीतला शेजारणीचा हात सोडून एकटीच झेपावले, हातात काही आलं नाही, आणि रेषेबाहेरून बाईंचा आवाज आला तो सगळ्या मारेगावने ऐकला.

बाईंचं मैदान त्याच वर्षी गेलं. संचालक मंडळाने आधी त्यांना ग्रंथालयात बसवलं आणि मग पांढरकवड्याकडच्या आपल्याच दुसऱ्या शाळेत धाडलं, जिथे मैदान नव्हतं. कोन्या हिशोबानं, हे बाईंनी लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं नाही. शाळेतल्या एकाही शिक्षकाने तोंड उघडलं नाही. त्यातले कितीतरी जण आम्हाला नागरिकशास्त्र शिकवत होते. निरोपाला आम्ही मुलींनी वर्गणी काढून शाल आणली, तर बाई आमच्यावरच उखडल्या. "शाल कायले? मी काय मेली का? त्या पैशाचे घोट्याचे पट्टे आना." ती शाल आम्ही दुकानदाराला परत केली आणि खरंच पट्टे आणले.

मी पुढे खेळले, शिकले, आता यवतमाळला एका शाळेत पीटी शिकवते. कधी निवड समितीवर बोलावतात. बोलावणारे फार खूश असतात असं नाही. एखाद्या मुलीचं नाव वगळलं गेलं की मी कारण विचारते, आणि "तसं काही नाही हो मॅडम" हे ऐकलं की माझ्या कानशिलात रक्त चढतं. त्या वेळी माझ्या तोंडून कोणती बोली निघते हे सांगायला नको.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मारेगावला शोकसभा होती. आई म्हणाली, मीपण येते. मला नवल वाटलं, कारण त्या आभारानंतर आई बाईंशी एक शब्द बोलली नव्हती. समोरून आल्या तरी पदर सावरून बाजूने जायची. अध्यक्षस्थानी भाऊसाहेब होते. ते बोलायला उठले आणि म्हणाले, "बाई स्वभावानं शांत होत्या, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या होत्या." मला पुढचं ऐकवेना. मी जागेवरून उठून म्हटलं, "बाई शांत नव्हत्या. त्यांनी कोणालाच सांभाळून घेतलं नाही, तुम्हाला तर नाहीच. तुम्ही त्यांचं मैदान का काढून घेतलं, तेवढं आज सांगा." ते पाणी प्यायला लागले. कोणीतरी घाईने मौन पाळायची घोषणा केली, आणि सगळे मला गप्प करण्यासाठी उभे राहिले.

परत येताना आई माझ्यापुढे झपाझप चालत होती. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पुन्हा चारचौघांत, पुन्हा तमाशा. वळणावर ती थांबली, दम खाल्ला आणि म्हणाली, "माईकवर आपलं नाव घेतलं म्हनून मी लय रागावली होती त्या बाईवर. पन तिच्या आंधी सालभर आपलं नाव घेतलं होतं कोनं?"