उलट्या बाजूने मोजलेल्या पिना

तळेगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झालो त्या सुमारास प्रयोगशाळेतला एक जुना, काचेच्या नळीचा मॉनिटर भंगारात निघाला होता. तो मी मागून घरी आणला. वर चढवायला दोन माणसं लागली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जेवायला वाढलं.

अडचण अशी होती की त्याच्या पाठीला आपल्या नेहमीच्या केबलची जागाच नव्हती. पाच सुटी गोल सॉकेटं होती. तीन रंगांची तीन, आणि चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या सिग्नलची दोन. घरच्या कॉम्प्युटरला मात्र पंधरा पिनांचं सॉकेट. मधली केबल तयार मिळाली असती. बायको म्हणालीही, "मागवून टाका ना." पण ज्याने वर्षानुवर्षं मुलांना सोल्डरिंग शिकवलं त्याने केबल मागवायची, हे मला कमीपणाचं वाटलं.

मग तीन दिवस जेवणाच्या टेबलावर माझा कारखाना. वहीत कनेक्टरची सुबक आकृती काढली, पिनांना नंबर दिले, तारा सोलल्या, सोल्डरचे डाग दिले. मल्टीमीटर लावून पाचही जोड तपासले. पाचही वेळा तो छान वाजला. एवढ्यावर मी लोणावळ्यात तुंगार्लीला राहणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून रविवारी सकाळी बोलावलं. "जुन्या नळीचे रंग कसे असतात ते बघायला ये," असं म्हणालो.

तो लोणावळ्याहून चिक्की घेऊन आला. मी त्याला आधी पंधरा मिनिटं सिद्धांत सांगितला आणि मग बटण दाबलं. मॉनिटर घूं करून तापू लागला, पण पडदा काळाच.

"तापायला वेळ लागतो याला," मी म्हणालो.

आम्ही चहा घेतला. पडदा काळाच राहिला. मित्र चिक्की चावत म्हणाला, "काळा रंग मात्र एकदम गडद आहे."

तेवढ्यात जवळच्या परंदवडी गावच्या वहिनी तांदूळ घेऊन आल्या. त्यांच्या शेतातला इंद्रायणी आम्ही दरवर्षी घेतो. पोतं ठेवून पाणी पिताना त्यांचं लक्ष टेबलावर गेलं.

"काका, ह्ये तुमी केलंय?"

मी हो म्हणालो आणि त्यांनाही सिद्धांत सांगायला घेतला. लाल रंगाचा सिग्नल वेगळा, निळ्याचा वेगळा, असं सोपं करून. त्या मान हलवत ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला सांगितला, केबल काढून हातात घेतली आणि कनेक्टर डोळ्यांजवळ नेऊन माझ्या वहीतल्या आकृतीशी ताडून पाहिला.

"उलट्या बाजूनं मोजल्यात पिना. तुमचं चित्र तोंडाकडचंय, अन् डाग दिलेत पाठीकडून. मागनं बघताना एक नंबर दुसऱ्या टोकाला जातो."

"पण मीटर वाजला होता," मी म्हणालो.

"वाजंलच की. तुमी जितं डाग दिला तितंच मीटर लावला आसंल." मग जरा संकोचून म्हणाल्या, "आकडे कोरलेले असत्यात ह्याच्यावरच."

मी भिंग आणलं. प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा होता.

वहिनी जवळच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामावर होत्या, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तांदूळ घेतला, पण त्या दिवसभर काय करतात हे कधी विचारलं नव्हतं. त्यांनी माझी एक तार हलकेच ओढली, ती निघून आली. दुसरीही आली.

"डाग थंड बसलाय, जोड पुरता तापलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या हितं ह्यो पीस रिजेक्टमंदी जातो."

याच चुकीसाठी मी कित्येक मुलांकडून अख्खं प्रॅक्टिकल पुन्हा करून घेतलं होतं. मित्राला ते ठाऊक होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला, ही त्याची मेहेरबानी.

वहिनींनी पदर खोचला, अर्ध्या तासात पाचही तारा काढून नव्याने लावल्या. मी फक्त तारा धरायला होतो, आणि एकदा तर "काका, हात हालवू नका" हेही ऐकून घेतलं. कॉम्प्युटर पुन्हा लावला तेव्हा पडद्यावर आमचं लोहगडावरचं जुनं छायाचित्र उमटलं. खरोखरच सुंदर रंग होते. बायको स्वयंपाकघरातून आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि वहिनींना म्हणाली, "जेवूनच जा."

जेवताना मी विचारलं, "मला शिकवाल का?"

त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग म्हणाल्या, "आज दुपारपाळीला जायचंय. गुरवारी सुट्टी आसती. या की."

गुरुवारी मी परंदवडीला गेलो. त्यांच्या ओट्यावर बसून भंगारातल्या वीस तारा जोडल्या. त्यांनी एकेक ओढून पाहिली. सात निघून आल्या.

"पुढच्या गुरवारी परत या," वहिनी म्हणाल्या.