मिस लुर्लीनच्या खोलीतला जिना

चूक माझीच. कोलोन बंदरगावातलं ते जुनं लाकडी घर विकत घेणाऱ्यांनी मला त्याचा मूळ आराखडा काढायला सांगितला, आणि बोकास गावच्या शाळेत भूमितीत पहिला आल्याचा माज असल्यामुळे मी तो अगदी खरा काढला. खाली लाऊचं किराणा दुकान, वर भाडेकऱ्यांच्या अकरा खोल्या, आणि दुकानातून सरळ वर जाणारा जिना. जिना पूर्वी जिथे वर निघायचा, तिथे आता मिस लुर्लीन राहायची. मी तिथे पायऱ्या आखल्या आणि सही ठोकली.

आठवड्यानं मालक म्हणाले, "घर मूळचं होतं तसं करायचं. आराखड्यात ज्याची खोली त्याला खोली. बाकीच्यांना गावाबाहेर."

म्हणजे त्याच घरात जन्मलेल्या, अर्ध्या गल्लीचे गणवेश शिवणाऱ्या बाईची खोली मी पट्टीनं खोडली होती. नवा, खोटा आराखडा घेऊन मी धावत गेलो.

"ये, अभियंत्या," ती मशीनवरून म्हणाली. "भिंतीकडेनं चाल. मधे वाट आहे."

खरंच, एवढ्याशा खोलीत पलंग एका भिंतीला, मशीन दुसऱ्या भिंतीला, आणि मधली तीन फूट जमीन रिकामी.

"कोणाची वाट?"

"साडेचारला बंदराची पाळी सुटते."

साडेचारला फळ्यांखाली बूट वाजायला लागले. जड, दमलेले, एकामागून एक. उन्हानं लाकूड तडतडतं वगैरे मला सगळं ठाऊक आहे. फक्त त्या वेळी आठवेना. मिस लुर्लीन टाके घालत पुटपुटत होती, "शुभ संध्याकाळ, मिस्टर गिटन्स. शुभ संध्याकाळ, मिस्टर ऑलेन." शेवटच्या पावलांना म्हणाली, "आलात, पपा?"

मग दोरा तोडून मला म्हणाली, "पपा बंदरावर वारले तेव्हा मी नऊ वर्षांची. पुढच्या वर्षी तेव्हाच्या दुकानदारानं हा जिना बुजवला, बाहेरून नवा काढला. बुटांचा चिखल पिठात पडायचा ना. पपांना तो नवा जिना माहीतच नाही."

मी घाईघाईनं माझा कागद पसरला. जिना नाही, खोली क्रमांक बारा. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"आणि ते चढणार कुठून?"

"मिस लुर्लीन, ही खोली गेली तर तुम्ही कुठे जाल?"

"गावाबाहेर, बसनं. मला बस कळते. छप्पन्न वर्षं तो माणूस बंद फळ्यांतून वर येतोय, आणि तू परत खिळे मारायला आलास? शाळेत हेच शिकवलं?"

त्या कागदावर तिनं माझ्यासमोर झग्याची बाही बेतून कापली.

निघायच्या दिवशी तिनं मला नारळाच्या दुधातला घेवडा-भात वाढला आणि एक काम सांगितलं. "जिना झाला की एकदा साडेचारला पायथ्याशी उभा राहा. शुभ संध्याकाळ म्हण, आणि मी कुठे राहते ते पपांना सांग."

"तुम्हीच सांगा की."

"सांगून झालं. मला अजून नऊ वर्षांची समजतात, कुठे ऐकतायत."

मी हो म्हणून भात संपवला.

जिना होऊन सात महिने झाले. लाऊ म्हणतो, बूट रोज वर जातात. मग एक जोडी खाली येते, त्याच्या दुकानात पिठाच्या गोण्यांपाशी थांबते, पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते. "कोणाला तरी शोधतायत," म्हणाला. "तू ओळखतोस का रे?"

मी नाही म्हणालो. हल्ली मी मागच्या गल्लीनं घरी जातो. तिचा नवा पत्ता अजून माझ्या खिशातच आहे.