शिडी कोण धरणार?

बर्नाबीतल्या त्या तीन मजली इमारतीत झ्वॉन्को बारिचला सगळे 'अंजीरवाला' म्हणत. हे तोंडावर, पाठीमागे काय म्हणत ते इथं नको. क्रोएशियातल्या आपल्या गावाहून मोज्यात लपवून आणलेली फांदी त्यानं मागच्या हिरवळीत लावली, ती वाढत वाढत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकावू लागली. पोटचं पोर नव्हतं, पण या झाडाचे लाड बघावेत! थंडी पडली की घरातली जाड पांघरुणं झाडाला. बायको, नेवेंका, कोट घालून झोपायची.

यंदा मुळांनी सांडपाण्याचा पाइप फोडला. इमारतीच्या सोसायटीचा अध्यक्ष लॉर्न हॅडो यानं झाड तोडायचा ठराव वार्षिक सभेपुढे आणला. हिरवळ सगळ्यांची, त्यामुळे मोजलेल्या मतांपैकी चारात तीन बाजूनं हवीत. फ्लॅट तेरा, एका फ्लॅटला एक मत. म्हणजे चौघं विरोधात गेले की अंजीर वाचलं.

झ्वॉन्कोनं जिने झिजवले. गुरमेल सिंगला जॅम पोचता केला, पर्पेट्युआबाईंचा नळ दुरुस्त केला. व्हिटलो आजींच्या सोफ्यावर बसून त्यांच्या संधिवाताची कहाणी पुन्हा पुन्हा ऐकली आणि त्यांच्या वतीनं मत द्यायची, त्यांच्या सहीची चिठ्ठी खिशात घालूनच उठला. झाली तीन. चौथं मत घरचंच!

"तूही चल," तो बायकोला म्हणाला. आजवर तिला कधी सभेला नेलं नव्हतं. "अंजिराचा केक वाट सगळ्यांना. तोंड मात्र उघडू नकोस."

"बरं," नेवेंका म्हणाली.

तळघरातल्या पार्किंगमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. केक फिरला, बोटं चाटून झाली. लॉर्ननं विचारलं, "मत घ्यायच्या आधी कुणाला काही बोलायचंय?"

नेवेंकानं ताट खाली ठेवलं. "आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे ना?"

"आहे की."

"मग लिहून घ्या, आमचं दोघांचं जमत नाही."

"ते आम्हाला भिंतीतून ऐकू येतं, वहिनी!" गुरमेल ओरडला. सगळे खदखदले.

"या ठरावावर जमत नाही म्हणते मी. माझं मत, तोडा."

लॉर्ननं चष्मा सावरला. "एका फ्लॅटचे दोन मालक आणि दोघांची दोन टोकं असली, तर ते मत मोजताच येत नाही. नियम आहे, झ्वॉन्को."

"अगं, वेड लागलंय का तुला? घरी जाऊन बोलू!"

"घरी बोलले होते. माझी आई गेली, गावी जायचं म्हणाले तेव्हा. तू म्हणालास, हिमाची लाट येतेय, झाड गुंडाळताना शिडी कोण धरणार? धरली मी शिडी. आईला माती दुसऱ्यांनी दिली."

लॉर्ननं मतं मागितली. हात वर झाले. बाजूनं नऊ, विरोधात तीन. चारात तीन, अगदी काठावर. ठराव पास. मग कुणीतरी केकचा दुसरा तुकडा उचलला. परत असा केक कुठला मिळायला!

पुढच्या आठवड्यात करवतवाला आला, एकटाच. झ्वॉन्को पडदा ओढून आत बसला होता, कानांवर उशी दाबून. खालून माणूस हाक मारत होता, "अहो, जमीन ओली आहे, कुणी शिडी धरता का?"

नेवेंका चपला घालून खाली गेली. हाताला सवय होती तिच्या.