देवघरातला फोन

बाबाजी म्हणजे आमचे हे. बर्फाच्या कारखान्यात जन्म गेला, लाद्या ओढून खांदा वाकडा झाला, आणि स्वभावही बर्फाचाच, कुणी गोड बोललं की पाघळले. पाठांतराच्या नावाने मात्र दगड. आणि देवाने गाऱ्हाणं नेमकं ह्यांच्याच घरात ठेवलं.

शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसली की सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, घालायचे. सीमेवरच्या देवापासून सुरुवात, मग वाड्या, घरं, चाकरमानी, गुरंढोरं, आणि शेवटाला दर्याने घेतलेले सगळे, एकेकाचं नाव घेऊन. "ह्यांना तुझ्या पायाशी जागा दे, म्हाराजा." गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा."

माझा भाऊ केरू इथूनच, पूर्णगडच्या खाडीतून, बोटीवर गेला तो परत आला नाही. फळ्या लागल्या किनाऱ्याला, केरू नाही लागला. त्या शिमग्याला मामंजींनी कुणाला न विचारता त्याचं नाव गाऱ्हाण्यात घेतलं. सुनेच्या भावाचं नाव! मी पदरात तोंड खुपसून रडले. तेव्हापासून दरवर्षी मी सहाणेपाशी जाते ती त्या एका नावासाठी. त्याला भेटायला मला दुसरी जागाच नाही.

मामंजी थकले तेव्हा ह्यांना म्हणाले, "बाबाजी, बस माझ्यापाशी. शिकून घे." हे बसले, दोन ओळी म्हटल्या आणि जांभई दिली. मग अक्कल पाजळली. खिशातला फोन काढून म्हणाले, "बाबा, तुम्ही बोला, मी ह्यात भरून घेतो. शिकेन सावकाश." मामंजींनी अख्खं गाऱ्हाणं फोनमध्ये घातलं आणि वर्षभरात गेले.

सावकाश कसलं शिकतायत! शिमगा आला की हे कानात वायरीचं बोंड घालायचे, वरून डोक्याला टॉवेल गुंडाळायचे, आणि आत मामंजी बोलतील तसं बाहेर बोलायचे. गावाला वाटायचं, बाबाजीला बापाची वाणी मिळाली. मला हसू यायचं, पण केरूचं नाव यायचं ना, मग मी कशाला बोलू?

गेल्या शिमग्यानंतर आमच्या वेदिकाने ह्यांना नवा फोन आणला. त्याची पिन वेगळी, गोलसर तोंडाची. जुना फोन ह्यांनी देवघरात ठेवला. पोरीने दहादा सांगितलं, "बाबा, आजोबांचा आवाज नव्या फोनमध्ये घेऊन ठेवूया." ह्यांचं एकच, "बाबांना जागेवरून हलवायचं नाही." रोज पूजेत फोनला गंध, फूल आणि पळीभर तीर्थ. मी म्हटलं, "अहो, यंत्राला पाणी कशाला?" तर म्हणतात, "देवाला चालतं, बाबांना का नाही चालणार?" घ्या! अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग.

यंदा शिमगा तोंडावर आला तेव्हा फोन काढला. चार्जिंग नाही. घरातल्या वायरीचं तोंड मोठं, ह्या फोनचं भोक चपटं आणि बारकं. जुन्या वायरी कुठे? तर ह्यांनीच परसात पडवळाच्या मांडवाला बांधलेल्या. एक सोडवली, ती ऊन खाऊन इतकी कडक झालेली की हातात मोडली. वाडीभर विचारलं. सगळ्यांकडे नवीच पिन. "आता एकच वायर सगळ्यांना चालते, वहिनी, बरं झालं की नाही?" बरं झालं म्हणे! ज्याचं माणूस जुन्या पिनेत अडकलंय त्याला विचारा.

शेवटी हे रत्नागिरीला गेले. दुकानं पालथी घातली. जुनी पिन आता कोण ठेवतंय, काका? एकाने खोक्याच्या तळातून एक बारका जोड काढून दिला, नवी वायर मागून घालायची, पुढचं तोंड जुनं. हे असे हसत घरी आले की मी देवापुढे साखर ठेवली.

पिन आत जाईना. ह्यांनी जरा जोर केला. कट् असा आवाज झाला, आणि आतली पट्टी जोडाबरोबर बाहेर आली, हिरवीगार, गंजलेली.

दुसऱ्या दिवशी मीही गेले बरोबर. दुकानदाराने फोन उघडला. आतही सगळं हिरवंच. "काका, पाण्यात पडला होता काय?"

हे हळू आवाजात म्हणाले, "नाही. देवात होता."

"ह्यातून आता काही निघायचं नाही," तो म्हणाला. घरी येईपर्यंत फोन ह्यांच्या मांडीवर होता. एखाद्या मेलेल्या पाखराला धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला.

पालखीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं बसलो जुळवायला. वाड्या आठवल्या, घरं आठवली. दर्याने घेतलेल्यांपाशी अडलो. केरू मला ठाऊक, आणखी दोघं ठाऊक. बाकीचे मामंजींच्या आज्याच्या वेळचे. ज्या घरांतलं कुणी दर्यात गेलं म्हणतात तिथे जाऊन मी विचारून आले. "असतील बाई कुणीतरी," एवढंच मिळालं.

"केरूचं तरी घ्या," मी जेवताना म्हटलं.

"त्याचं घेऊन बाकीच्यांना सोडू? त्यांनी काय पाप केलं?"

"मग सगळ्यांनाच सोडणार काय?"

"बघतो," म्हणाले, आणि ताटावरून उठले.

पालखी बसली. ह्यांनी हात जोडले. डोक्याला टॉवेल नव्हता. अडखळत, चाचपडत गुरंढोरांपर्यंत आले आणि थांबले. ओठ हलत होते. बायकांच्या घोळक्यात मला शोधून एकदा माझ्याकडे बघितलं. घ्या हो, घ्या, मी मनात म्हणत होते.

ह्यांनी मान खाली घातली. "काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, म्हाराजा."

गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा." ढोल सुरू झाले. काही राहिलं म्हणून कुणी विचारलं नाही. बाजूचा कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाबाजी, यंदा आटोपशीर झालं, बरं झालं."

आणि मला मागाहून कळलं, गावाबरोबर माझ्याही तोंडून गेलं होतं, व्हय म्हाराजा.