बुटकीची सोयरीक

जानू केदारीला आमच्या भागात सगळे ‘जावई’ म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तोही ओ देतो. गेली एकतीस वर्षं पवन मावळातल्या गावांत कुणाची गाय माजावर आली की निरोप जानूला जातो. मोटरसायकलला मागे नायट्रोजनचं भांडं बांधलेलं, त्यात वळूच्या गोठवलेल्या बीजाच्या कांड्या, आणि खिशात खांद्यापर्यंत चढणारा प्लास्टिकचा हातमोजा. तो दारात आला की बाया म्हणायच्या, जावई आले, पाणी ठेवा. पाणी खरंच ठेवावं लागायचं, कारण गोठलेली कांडी आधी कोमट पाण्यात वितळवतात. मग जानू मनगटावरचं घड्याळ काढून घरमालकाच्या हातात द्यायचा आणि गोठ्यात शिरायचा. पाच मिनिटांत गाय भरून बाहेर. चहा मात्र उजव्याच हातानं प्यायचा. गायीच्या पोटात जाणाऱ्या डाव्या हाताला तो स्वतःच विटाळ मानतो.

मी अमृत. आमच्या गावचं दूध संकलन केंद्र चालवतो. म्हणजे रोज दोन वेळा लोकांचं दूध मोजतो आणि त्यांच्या शिव्या खातो. फॅट कमी लागली की दोष मशीनचा, आणि मशीन माझं. जानूची नि माझी दोस्ती तिथूनच. तो पेरायचा आणि मी पीक मोजायचो. त्याची फेरी संपली की तो केंद्रावर येऊन बसायचा आणि माझी बिडी संपवायचा.

त्याची खरी करामत डोक्यात होती. कुठल्याही गोठ्यातली गाय दाखवा, तो तिची आई, आजी, पणजी सांगणार. ही सोमाटण्याच्या पांढरीची नात, हिचा बाप अमुक नंबरचा, हिची मावशी आंबीत दिलीय. लग्न जमवणाऱ्या म्हाताऱ्यांकडे असते तशी वही त्याच्याकडे होती आणि त्यात माणसांऐवजी गायी होत्या. त्याचा नियम एकच. रक्तात रक्त मिसळायचं नाही. बापाला लेक द्यायची नाही, भावाला बहीण नाही. शिरगावात एका शेतकऱ्यानं हट्ट धरला होता, की ज्या वळूची ही कालवड वीस लिटर देते त्याच वळूची कांडी हिला भर, मग चाळीस देणारी होईल. जानूनं त्याला दोन तास समजावलं आणि मोजा न चढवताच परत आला. त्यानं दुसऱ्याकडून भरून घेतली. वासरू जन्मलं ते आंधळं. लोक म्हणाले, जावई, चला बघायला. जानू गेला नाही. ‘मी सांगितलं होतं’ म्हणायची हौस त्याला नव्हती, आणि मला ती भरपूर असल्यामुळे हे माझ्या लक्षात राहिलं.

पण जानूजवळ कांड्यांबरोबर आणखी एक हत्यार असायचं, मोठा लोखंडी चिमटा. संकरित वाण आणायचं तर गावठी वळू मोकळे फिरून चालत नाहीत, नाहीतर आडरानात कुणीही कुणाला लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून वरून हुकूम होता, गावठी खोंड दिसला की खच्ची करा. जानूनं तो हुकूम मन लावून पाळला. गावोगाव फिरून त्यानं गोऱ्हे शोधले आणि एकेक करून आवळले. त्याच्या साहेबांनी त्याला एकदा त्याबद्दल नारळ आणि शाल दिली होती. ती शाल त्यानं बरीच वर्षं थंडीत वापरली.

फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. ज्या घरात दीड लिटर दूध निघायचं तिथं बारा-पंधरा निघायला लागलं. माझे कॅन भरले. पोरं शिकली, घरांवर स्लॅब पडले. पण मावळातला पाऊस काही संकरित झाला नाही. चार महिने चिखल, धुकं, ओलं अंग. या मोठ्या गायींचे खूर सडायचे, उन्हाळ्यात त्या तोंडाला फेस आणून बसायच्या, त्यांना पंखे लागायचे. जुन्या गायी बुटक्या, काळ्या, कातळासारख्या खुरांच्या होत्या आणि भर पावसात डोंगरावर चरून स्वतःच घरी यायच्या. त्या कधी संपल्या हे कुणाला कळलं नाही. मी लिटर मोजत होतो, मला तर कळायचं कारणच नव्हतं.

जानूला कळलं ते लम्पीच्या साथीत. त्या साली आमच्या गावात अकरा जनावरं गेली. अंगभर गाठी, पायाला सूज, आणि मालक शेजारी बसून माश्या हाकतोय. जानू दारोदार लस टोचत फिरत होता. फिरत फिरत तो धरणाच्या वरच्या अंगाला कस्तुराबाईच्या दारात पोचला. कस्तुराबाई एकटी राहते, मुलगा आंबीच्या कंपनीत कामाला. तिच्या दारात एकच गाय, बुटकी. नावही तेच. बारा वर्षांची, काळी कुळकुळीत, माझ्या कमरेइतकी उंच. अंगावर एक गाठ नाही. जानू तिच्याभोवती फिरला, खूर उचलून पाहिले, वही काढून कस्तुराबाईला विचारलं. आई गावठी, आजी गावठी, पणजी गावठी. कस्तुराबाईच्या घरापर्यंत मोटरसायकल जायची नाही म्हणून जानूची कांडी तिथं कधी पोचलीच नव्हती. पूर्वी रानातला वळू असायचा, तेवढ्यावर भागायचं.

त्या दिवशी केंद्रावर आला तेव्हा त्यानं बिडी मागितली नाही. म्हणाला, “अमृत, आख्ख्या मावळात एक राह्यली. एकच.”

मला आधी हसू आलं. एका म्हाताऱ्या गायीसाठी एवढा चेहरा कशाला पाडायचा? पण त्यानं समजावलं तेव्हा हसू गेलं. पाऊस, चिखल, रोग सोसायचा गुण त्या रक्तात शेकडो वर्षं मुरला होता. आता ते रक्त एका म्हातारीत उरलं होतं. तिला तिच्याच वाणाचा नर मिळून कालवड झाली तर पुढं काही आशा. नाहीतर ती मेली की संपलं.

तो आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेला. तिथल्या चैताली डॉक्टर भल्या बाई. त्यांनी मोबाईलवरची यादी उघडून दाखवली. नावाजलेल्या जातींच्या कांड्या होत्या, बुटकीच्या जातीला मात्र नावच नव्हतं. तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या नंबरापुढे ‘अवर्णित’, म्हणजे नोंदलेल्या कुठल्याच जातीची नाही, असं लिहिलेलं. जिला नाव नाही तिचा वळू कुठलं केंद्र पाळणार? बाई म्हणाल्या, डांगीची कांडी देते, तीही पावसाची गाय. जानू म्हणाला, मग ती डांगी होईल, ही न्हाई.

मग त्यानं वळू शोधायला सुरुवात केली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिथं जाईल तिथं बैल होते, वळू नव्हता, आणि ज्यानं बैल केले तोच आता विचारत होता. एका गावात म्हाताऱ्यांनी त्याला बसवून घेतलं आणि हसत हसत विचारलं, जावईबापू, आमच्या गोऱ्ह्यांचं तुमी काय केलंत ते इसरला काय? जानूही हसला म्हणे. मला सांगताना मात्र हसत नव्हता.

दोन महिन्यांनी वळू सापडला, लोणावळ्याच्या मागच्या डोंगरात, नथू नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर. नथूच्या गायी विकल्या गेल्या होत्या, वळू कुणी घेतला नाही म्हणून राहिला होता. तिथंही गाडी जात नव्हती, म्हणूनच तो चिमट्यातून सुटला होता. वळू टेम्पोत चढेना. शेवटी जानूनं त्याला दोन दिवस चालवत आणला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पाय सुजलेले, आणि चेहऱ्यावर नवरदेव आणल्याचा थाट. वळू महिनाभर कस्तुराबाईच्या दारात राहिला. बुटकी माजावर आली, लागली, आणि पुढच्या पाळीला उलटली नाही. गाभण राहिली. जानूनं केंद्रावर सगळ्यांना पेढे वाटले. आयुष्यात हजारो गायी भरल्या तेव्हा यानं कधी गुळाचा खडा दिला नव्हता.

पुढचे नऊ महिने तो आठवड्यातून एकदा वर चढायचा. कालवड होऊ दे, एवढंच मागणं. दुसरी संधी नव्हती, कारण त्या पावसाळ्यात नथूची जमीन बंगल्यांच्या स्कीमला गेली आणि चराई संपली. त्याच्याकडे परत गेलेला वळू कुणीतरी नेला. कुणी नेला हे नथूनं सांगितलं नाही आणि जानूनं खोदून विचारलं नाही.

बुटकी व्याली. खोंड झाला.

धडधाकट, काळा, खुरांनी जमीन ठोकणारा. कस्तुराबाईनं हौसेनं हळद लावली. जानू उंबऱ्यावर बसून राहिला. वाण वाचवायला नर होता, पण त्याला जोडीला मादी कुठून आणायची? तरी तो हार मानेना. लोकांना म्हणाला, तुमच्या संकरित गायी याला द्या, दोन-तीन पिढ्यांत पुन्हा जुन्या वळणावर आणू. कोण देणार? बारा लिटरचं चार लिटर करायला कुणी दार उघडत नाही. त्याचा सख्खा भाऊ म्हणाला, एकतीस वरसं गावठी नको म्हनून सांगितलंस, आता गावठी घ्या म्हंतोस? माझ्या दारात दोन गायी होत्या. जानूनं मला विचारलं नाही आणि मीही होऊन बोललो नाही. याची मला लाज वाटते, आणि गाय मी आजही देणार नाही, हेही खरं आहे.

चैताली डॉक्टरांनी वर पत्र पाठवलं, की या खोंडाचं बीज तरी गोठवून ठेवा. सहा महिन्यांनी उत्तर आलं. जात अवर्णित, आईचं दूध निकषापेक्षा कमी, घेता येत नाही. बाईंनी ते जानूला वाचून दाखवलं आणि माफी मागितली. त्यांचा काय दोष?

व्याल्यानंतर बुटकी पुन्हा माजावर आली नव्हती. वय झालं, आटोपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. यंदा शिमग्याच्या आधी एके दिवशी सकाळीच कस्तुराबाईच्या मुलाचा फोन आला, आई सांगतेय, बुटकी हंबरते आहे. आम्ही दोघं वर गेलो. मी कधी जात नाही, त्या दिवशी गेलो.

बुटकी खरंच माजावर होती. सोळा वर्षांची म्हातारी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पण शेपूट उचलून दावं ओढत होती. घराच्या दुसऱ्या अंगाला जांभळीला खोंड बांधला होता. दोन वर्षांचा, मानेमागे वशिंड आलेलं. त्याला वास लागला होता. तो दोराला असे हिसके देत होता की झाड हलत होतं. आख्ख्या मावळात त्या गायीला लागेल असा नर तोच होता, आणि त्या नराला लागेल अशी मादी तीच.

जानूनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “काका, वाण संपतच असेल तर पुस्तकाप्रमाणे आई-लेकाचंही एकदा चालतं. पण आज नाही झालं तर ही पुन्हा माजावर येईल असं मला वाटत नाही.”

जानूनं फोन खिशात ठेवला आणि ओट्यावर बसला. वही शेजारी होती. त्यानं ती उघडली नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, कस्तुराबाईनं पाहिलं. तो कुणाकडेच पाहीना. मला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गायींच्या सोयरिकी जुळवणारा माणूस असा मातीचा गोळा होऊन का बसलाय? म्हणून मीच म्हणालो, मावशी, सोडू का दोर?

कस्तुराबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “न्हाई. त्यानं तिचं दूद प्यालंय. मी माझ्या डोळ्यांनी पाजलंय.”

मी जानूकडे वळलो. म्हटलं, तू तरी सांग.

“काय सांगू?” जानू म्हणाला. “ती बराबरच हाय. मीबी आसंच सांगत आलोय समद्यांना.”

गायीचा माज म्हणजे एका दिवसाचा मामला. कस्तुराबाईनं आम्हाला भाकरी आणि पिठलं वाढलं. जानूनं अर्धी भाकर तशीच ठेवली. ऊन सरकत होतं तशी बुटकी हंबरत होती, आणि पलीकडून खोंड उत्तर देत होता. मध्येच जानू उठून दोराची गाठ पाहून आला, घट्ट आहे की नाही एवढंच. मला वाटलं, आता सोडेल. नाही सोडली. उलट आणखी एक वेढा दिला. परत आला तेव्हा मी दिलेली बिडी त्यानं न पेटवताच कानाला लावली.

उन्हं कलल्यावर बुटकीचं हंबरणं कमी झालं. मग ती खाली बसली आणि रवंथ करायला लागली. कस्तुराबाईनं तिच्यापुढे वैरण टाकली. आम्ही दोघं तरीही थोडा वेळ तसेच बसून राहिलो, आणि मग डोंगर उतरलो.