सकाळची डोकेदुखी

नारायणगावच्या एका लहान रुग्णालयात मी तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. मुलांची डोकेदुखी तिथं रोजचीच. ताप, सर्दी, ऊन, नाहीतर सकाळपासून पोटात काही नसणं. बहुतेक मुलं औषध घेऊन, थोडं पडून घरी जातात. त्यामुळे तळेघरच्या वरच्या वाडीतून एक आई दहाएक वर्षांच्या लेकीला घेऊन आली, तेव्हा मला वेगळं काही वाटलं नाही.

"कधी दुखतं?" मी मुलीला विचारलं.

"उठल्यावर. उलटी झाली की बरं वाटतं."

हे ऐकून मी खुर्ची पुढं ओढली.

आई म्हणाली, "वसतिगृहात ऱ्हाती. सुट्टीला घरी आली की सकाळी डोकं धरून बसायची आन् दुपारी खेळायची. मला वाटलं, शाळा नको म्हनून सोंग करती. म्या मारलं बी तिला, मॅडम."

मुलीला फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. दोन पावलांतच तिचा तोल गेला. डोळ्यांच्या आत पाहिलं, तर मागच्या नसा सुजलेल्या. सीटी स्कॅनमध्ये लहान मेंदूत गाठ दिसली. तिनं आतल्या पाण्याची वाट अडवली होती आणि डोक्यातला दाब वाढत चालला होता.

"गोळ्यांनी नाय व्हनार?"

"नाही ताई. आत्ताच पुण्याला न्यायला हवं. ऑपरेशन करावं लागेल."

तिनं नवऱ्याला फोन लावला. वाडीत रेंज नव्हती. तिनं पुन्हा लावला, मग फोन पदरात गुंडाळला आणि म्हणाली, "घाला गाडीत."

गाडी येईपर्यंत मुलीचं डोकं उंच करून ठेवलं, दाब उतरवायचं औषध शिरेतून सुरू केलं. तिला झोप येत होती. मी गालावर थोपटून तिला सारखं नाव विचारत होते.

"झोपू द्या की तिला," आई चिडून म्हणाली.

ही झोप डोक्यातल्या दाबामुळं येतेय आणि तिचीच मला भीती वाटते, हे तिला समजावून सांगावं लागलं. मग तीच लेकीला हाका मारायला लागली. गाडी निघाली, तरी तिचा आवाज ऐकू येत होता.

ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. हिवाळ्यात मायलेकी तापासाठी माझ्याकडे आल्या. मुलगी माझ्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. दाबानं डोळ्यांच्या नसा फार दिवस चेपल्या गेल्या होत्या. तिला आता दिसत नव्हतं.

"डोकं न्हाई दुखत आता," आई म्हणाली. मी मुलीचा घसा तपासत असताना तिनं हळूच विचारलं, "आधी आनली असती, तर दिसलं असतं का?"

खोटं सांगावं, असं एकदा मनात येऊन गेलं.

"कदाचित," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. घशाचं औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, ते विचारून घेतलं आणि लेकीच्या पायांत चप्पल घालायला खाली वाकली.