जगाला चालेल, केजला नको

मी पुण्यात नोकरी करते आणि संध्याकाळी एका मोठ्या संगीताच्या साइटसाठी विनामोबदला काम करते. तिथलं गाणं कुणीही ऐकावं, उतरवून घ्यावं, बदलावं. अट एकच, मूळ गाणाऱ्याचं नाव द्यायचं. दिंद्रुडचे कापड दुकानदार सुभाषअप्पा गावातली गाणी मोबाइलवर टिपून स्वतःच्या छोट्या साइटवर ठेवतात. ती आमच्या साइटला जोडायची ठरली. तांत्रिक काम घरबसल्या होण्यासारखं होतं, पण गाणाऱ्यांची लेखी संमती फोनवर काही मिळेना. मग दोन दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

पुण्याहून बीडपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. बीडहून वडवणीमार्गे तेलगाव, पुढे जीप. तेलगावला उसाच्या ट्रॉल्यांनी चौक अडवला होता, त्यामुळे तासभर तरी जादा धरून निघा. जीपमधल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "दिंद्रुडला कावून चाललाव?" गाण्यांची परवानगी घ्यायला, असं मी सांगितलं. ते म्हणाले, डीजेची परवानगी पोलीस ठाण्यात भेटती. मी समजावायला गेले आणि दिंद्रुड येईपर्यंत माझं मलाच नीट सांगता येईना.

अप्पांच्या घरी येसरची आमटी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जेवले. त्यांच्या यादीत मालकीच्या रकान्यात प्रत्येक गाण्यापुढे एकच शब्द होता: 'सगळ्यांचं'. आमच्या साइटवर त्याचा अर्थ सगळ्या जगाचं असा होतो, असं मी म्हटलं. अप्पांनी चष्मा पुसला. त्यांच्या मनात सगळे म्हणजे दिंद्रुडचे होते.

तरी दुपारपर्यंत बहुतेकांनी सह्या केल्या. अडलं ते महानंदाकाकूंपाशी, आणि अप्पांच्या साइटवर सर्वांत जास्त ऐकलं जाणारं गाणं नेमकं त्यांचंच. लेकीच्या लग्नात त्यांनी विहिणीला चिडवायला ते जागच्या जागी रचलं होतं:

*केजची शकुंतला पंगतीला बसली,*
*लाडू मोजता मोजता बोटंच संपली.*

पुढे ते लग्न मोडलं. लेक आता लातूरला नोकरी करते आणि दोन्ही घरांत सहा वर्षं बोलणं नाही. काकूंनी माझा कागद बराच वेळ हातात धरला.

"जगानं ऐकू द्या," त्या म्हणाल्या. "केजात जाऊ नये."

एकच गाव वगळता येत नाही, हे मी सांगितलं.

"म्हंजे जगात केज येतं?"

"येतं, काकू."

अप्पांनी नाव कापून टाकायचं सुचवलं. काकूंना ते पटलं नाही. नाव गेलं की चालच मोडते, आणि नाव नसेल तर चिडवलं कुणाला? मला दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या आणि माझ्याकडे मात्र एकच फॉर्म होता. शेवटी काकूंनीच तोड काढली. सही करून त्यांनी कागद अप्पांकडे दिला आणि मला म्हणाल्या, "केजात जाऊन तिला इचारा. ती हो म्हनली तर ही सही धरा. न्हाई तर फाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलगावहून धारूरचा घाट चढून केजला पोहोचले. घाटात वळणं बरीच आहेत, मळमळत असेल तर पुढची जागा मागून घ्या. शकुंतलाबाईंचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. मी दिंद्रुडहून आले म्हटल्यावर त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. सगळं सांगून मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी गाणं मान खाली घालून ऐकलं. शेवटी बायकांचं हसणं येतं आणि एक आवाज म्हणतो, "आजून एक म्हना." तो इतके दिवस मी नुसता गोंगाट समजत होते.

"ही मी हाय," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. गिऱ्हाईक आलं, तर त्याला थांबवलं. मग फॉर्म मागून घेतला. त्यात 'गाण्याशी आपलं नातं' असा रकाना होता. तिथे साधारणपणे गायक किंवा वादक लिहितात. त्यांनी 'विहीण' लिहिलं आणि सही केली.

घटस्फोटानंतर विहीण राहते का, हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. बाहेर येऊन काकूंना फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

काकूंनी विचारलं, "तिनं तसं लिवलं?"

"हो."

"मग लावा."

पुण्यात येऊन मी दोन्ही साइट जोडल्या. आमच्या साइटच्या यंत्रणेनं आपोआप ते गाणं 'विनोदी' विभागात टाकलं. अप्पांच्या साइटवर ते 'लग्नाची गाणी'त आहे. कुठला विभाग बरोबर, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी काहीच बदललं नाही. खुलं म्हणजे काय, हे मी चार वर्षं लोकांना शिकवत आले. आता शिकवताना मधेच अडखळते. तिकडे जाणार असाल तर खुशाल जा, फक्त फॉर्ममध्ये मोकळे रकाने जास्त ठेवा.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. गाणं किती जणांनी ऐकलं, ते त्यांना हवं होतं. मी आकडा सांगितला. त्यांना तो नको होता, केजात किती वेळा वाजलं ते हवं होतं. आमच्या साइटवर गावं दिसत नाहीत, असं मी म्हटलं.

"बरं," काकू म्हणाल्या, "मग मीच इचारते तिला."